जुनी जे-२४ शिडाची बोट: तळातल्या संपमधून झिरपणारं पाणी, कुजलेला बल्कहेड, बद्द वाजणारी डेक. आधी काय उघडायचं?

खारफुटी

जे-२४ म्हणजे चोवीस फुटी, फायबरची रेसिंग बोट, बांधणी १९८१. मुंबईत यार्डात क्रेडलवर आहे, डोलकाठी उतरवलेली. पावसाळाभर ताडपत्रीखाली होती. कुशन, फळ्या, बर्थची झाकणं सगळं बाहेर काढून पाहिलं, ते असं:

संप (तळाचा खळगा) कोरडा पुसून ठेवला तरी दुसऱ्या दिवशी कीलच्या (बोटीखालच्या वजनदार पात्याच्या) नटांभोवती चहाच्या रंगाचं पाणी जमतं, साधारण अर्धी वाटी. वरून गळत नाही. आजूबाजूला वर्तमानपत्रं अंथरली होती, ती कोरडी राहिली.

मेन बल्कहेडचा, म्हणजे बोटीतल्या प्लायच्या आडव्या भिंतीचा, तळ दहा-बारा सेंमी उंचीपर्यंत काळा पडलाय. स्क्रूड्रायव्हर सहज ४ मिमी आत जातो. डाव्या बाजूचं टॅबिंग (ही भिंत हलला, म्हणजे बोटीच्या अंगाला, जोडणारी फायबरची पट्टी) खालून हातभर सुटलंय, मागे पोस्टकार्ड सरकतं.

डेकवर स्टँशनच्या (कठड्याच्या खांबांच्या) पायांशी आणि डोलकाठी डेकमधून खाली जाते त्या कॉलरपुढे टकटक केली की बद्द आवाज येतो. पिनलेस मॉइश्चर मीटर तिथे शेवटच्या आकड्याला भिडतो.

बाहेरून कील आणि हलच्या सांध्यावर पुढच्या टोकाला ३० सेंमी लांब केसासारखी भेग आहे.

प्रश्न तीन. क्रम काय ठेवायचा? बर्थखालचे आणि कॉकपिटखालचे बंद कप्पे फारशी तोडफोड न करता कसे बघायचे? आणि डेकला भोकं पाडून सिरिंजने इपॉक्सी भरा असं दोघातिघांनी सुचवलंय, ते टिकतं का? क्लास रेसिंग (फक्त जे-२४ बोटींची, ठरलेल्या नियमांची शर्यत) करायचंय. नोव्हेंबरअखेर पाण्यात टाकायचा विचार आहे.

ओहोटी

क्रम चुकला तर अर्धं काम दोनदा करावं लागतं, म्हणून तो आधी. बोटीचा आधार नीट करा, मग डेकच्या गळत्या तात्पुरत्या बंद करा, मग संप, मग बल्कहेड, आणि डेकचा कोअर (फायबरच्या दोन स्किनमधला, म्हणजे थरांमधला, हलका गाभा) सगळ्यात शेवटी. डेक डोळ्यासमोर असते म्हणून बहुतेक जण तिथून सुरू करतात, आणि खाली संप कुजत राहतो.

आधार म्हणजे काय ते नीट सांगतो. बोटीचं वजन साधारण १,४०० किलो, त्यातलं ४३० किलोच्या आसपास शिशाचं कील. हे सगळं वजन कीलखालच्या लाकडी ठोकळ्यांवर उतरलं पाहिजे. बाजूचे पॅड फक्त तोल सांभाळायला. पॅडवर जास्त वजन गेलं तर कील हलला लटकतं, आणि तुम्ही नेमका तोच भाग आतून पोखरणार आहात. शिवाय या बोटीच्या हलमध्येही बल्सा (कोअरचं हलकं लाकूड) आहे, त्यामुळे पॅड मोकळ्या पॅनेलवर न ठेवता बल्कहेडच्या रेषेत ठेवा. पॅडखालचा हल हाताने दाबून बघा, दबत असेल तर पॅड सरकवा.

काही कापण्याआधी मापं घ्या. बल्कहेडच्या जागी हलच्या दोन्ही बाजूंना आतून पेन्सिलची खूण करून मधलं अंतर मिलिमीटरमध्ये लिहा. डेकच्या खालच्या बाजूपासून संपच्या काठापर्यंतही तसंच. काम संपेपर्यंत दर दोन दिवसांनी हीच मापं परत घ्यायची. २-३ मिमीचा फरक दिसला तर थांबून आधार तपासा.

आता शोधकाम. टकटक करायला मोठी हातोडी नको. स्क्रूड्रायव्हरची प्लॅस्टिकची मूठ किंवा छोटी नायलॉन हातोडी पुरते. दर ५ सेंमीवर एक ठोका, आणि आवाज बदलला की तिथेच मेणखडूने खूण. खणखणीत आवाज म्हणजे थर चिकटलेले. बद्द म्हणजे कोअर सुटलाय किंवा ओला आहे. यातलं नेमकं काय ते कानाला कळत नाही, त्यासाठी मीटर आणि भोक.

मीटरवर एकट्यावर विसंबू नका. पृष्ठभागावर मीठ असलं तरी तो ओरडतो, मागे बोल्ट किंवा वायरचा जुडगा असला तरी ओरडतो. आधी गोड्या पाण्याने धुवा, दोन दिवस वाळू द्या, आणि बोटीवरच्या खात्रीशीर कोरड्या जागेचं रीडिंग घेऊन त्याच्याशी तुलना करा. लाकडासाठीचे आकडे फायबरवर टक्के म्हणून वाचण्यात अर्थ नाही. इथे फक्त जास्त-कमी कळतं.

संशयाच्या जागी ५ मिमीच्या बिटने आतल्या बाजूने भोक. बिटला टेप गुंडाळून खोली बांधून घ्या, नाहीतर एक हिसका आणि बाहेरच्या स्किनमधून आरपार. पहिल्या भोकात आकडा घातलेली तार सरकवून आतल्या स्किनची आणि कोअरची जाडी मोजा आणि लिहून ठेवा, पुढे कटर किती खोल लावायचा ते त्यावर ठरेल. निघालेला भुसा कागदावर घ्या. कोरडा बल्सा फिकट, सायीच्या रंगाचा, चिमटीत भुरभुरतो. ओला असेल तर गोळी होते. काळा, चिखलासारखा आणि आंबूस वासाचा निघाला तर तिथला कोअर गेला. प्रत्येक भोकाशेजारी पेन्सिलने फि (फिकट), ओ (ओला) किंवा का (काळा) लिहा. तासाभरात बोटीचा नकाशा तयार होतो, आणि खरं सांगायचं तर सगळ्या पाहणीतला सगळ्यात भरवशाचा कागद तोच.

बंद कप्प्यांसाठी मोबाइलला जोडायचा एंडोस्कोप कॅमेरा, ५.५ किंवा ८ मिमी जाडीचा. त्याला १० मिमीचं भोक पुरतं. पण कॅमेऱ्यात डाग दिसतो, ओल कळत नाही. ज्या कप्प्यात हात घालायची वेळ कधीतरी येणार आहे तिथे सरळ १२५ मिमीची गोल इन्स्पेक्शन प्लेट बसवा. भोक होल-सॉने पाडायचं, कापलेली कड इपॉक्सीने बंद करायची, प्लेट ब्यूटिल टेपवर (मऊ, चिकट रबरी पट्टी). अशी प्लेट बर्थच्या उभ्या बाजूला लावा, वरच्या पृष्ठभागावर नको, झोपणाऱ्याच्या पाठीला लागते. न विसरता बघायच्या जागा: पुढच्या बर्थखालचं नाळेकडचं टोक, क्वार्टर बर्थची मागची बाजू, कॉकपिटच्या तळाखालचा भाग, आणि ट्रान्समला (बोटीच्या मागच्या सपाट भिंतीला) आतून जिथे सुकाणूच्या ब्रॅकेटचे बोल्ट येतात तिथली वर्तुळं. सुकाणूचा सगळा हिसका तिथे बसतो, सीलंट सुटतं, पाणी आत शिरतं.

गळती शोधायला पाण्याच्या पाइपपेक्षा हवा बरी. सगळी छिद्रं, व्हेंट, ड्रेन टेपने बंद करा. कंपॅनियनवेला (केबिनच्या दाराला) पुठ्ठा बसवून त्यातून ब्लोअरने हवा आत ढकला, बाहेरून प्रत्येक फिटिंगवर साबणाचं पाणी मारा. जिथे बुडबुडे येतात तिथून पाणी आत येतं. सायकलचं पंक्चर शोधतात तसंच.

शिसं_आणि_पोलाद

संपबद्दल लिहितो. नटांभोवती परत येणारं चहाच्या रंगाचं पाणी या वयाच्या जे-२४ वर ओळखीचं लक्षण आहे. सुरुवातीच्या काळातल्या बोटींचा संप व्हर्मिक्युलाइट आणि पॉलिएस्टर रेझिनच्या मिश्रणाने भरलेला असायचा. व्हर्मिक्युलाइट म्हणजे कुंडीत मातीत मिसळतात तेच हलकं, पापुद्र्यांचं खनिज. वरचा फायबरचा पातळ थर तडकला की ते स्पंजासारखं पाणी पितं आणि महिनोन्‌महिने सोडत राहतं. कील बोल्ट याच भरणातून खाली जातात, डोलकाठीचा पायही याच्यावरच्या बीमवर बसतो. म्हणजे नट घट्ट आहेत असं वाटतं, पण ते एका मऊ उशीवर घट्ट आहेत. बोट झुकली की कील थोडं हलतं, आणि सांध्याच्या पुढच्या टोकाला तुम्ही लिहिलीय ती भेग पडते. बाहेरून पुट्टी भरून ती दर वर्षी परत येणार.

सर्वात आधी एक सूचना. ही बोट कील बोल्टला बांधलेल्या पट्ट्याने एकाच हुकावर उचलायची सोय असते. काम पूर्ण होईपर्यंत तसं उचलू नका. हलवायची असली तर हलखालून दोन रुंद पट्टे.

भरण काढायचं ते असं. एका वेळी एकच नट आणि त्याखालची प्लेट काढायची, बाकीचे जागेवर. १० मिमीच्या बिटने, खोली बांधून, २५ मिमीच्या अंतराने भोकं पाडून भरण चाळणीसारखं करा, मग २० मिमीच्या छिन्नीने खरवडा. छिन्नी तिरकी, हातोडी हलकी. हातोडा-ड्रिल संपात घालू नका. खालचं फायबर ठणठणीत असलं तरी काठाला लागून तडकू शकतं. व्हर्मिक्युलाइट चमकदार, सोनेरी-तपकिरी दिसतं आणि चुरा होतं. छिन्नी लागल्यावर पांढरट-हिरवट, कडक, काचेसारखा आवाज आला की हल लागला, तिथे थांबा. बोल्टच्या भोवतीचं शेवटचं भरण छिन्नीने नको, मल्टिटूलच्या पातळ ब्लेडने किंवा जुन्या स्क्रूड्रायव्हरने. बोल्टला एक ओरखडा म्हणजे पुढच्या गंजाला आमंत्रण.

आता बोल्ट. स्टेनलेस स्टीलला टिकायला हवा लागते. ओल्या, बंद, प्राणवायू नसलेल्या जागेत त्याच्यावरचा संरक्षक थर तुटतो आणि तो खड्ड्याखड्ड्यांनी आतून खाल्ला जातो. त्यामुळे नटाजवळ चकचकीत आणि १० सेंमी खाली पेन्सिलीसारखा बारीक, असं होऊ शकतं. भरण काढल्यावर प्रत्येक बोल्ट पितळी ब्रशने साफ करा आणि व्हर्नियरने तीन उंचीवर व्यास मोजा. भेगा बघायला डाय पेनिट्रंटचे तीन स्प्रे येतात, वेल्डिंगचं सामान विकणाऱ्यांकडे मिळतात: क्लीनर, लाल रंग, पांढरा डेव्हलपर. लाल रंग मारा, डब्यावर दिलेला वेळ थांबा, नीट पुसा, पांढरा मारा. भेग असेल तर पांढऱ्यावर लाल रेघ फुटते.

मूळ व्यासाच्या मानाने दहावा हिस्सा जरी कमी भरला किंवा लाल रेघ दिसली तर कील उतरवल्याशिवाय पुढे जाऊ नका. बोल्ट वर स्वच्छ असले तरी सांध्यातून गंजाचा तांबूस ओघळ असेल, तरी उतरवाच. हल आणि शिसं यांच्यामधला जो सेंटिमीटरभर भाग असतो तो ना आतून दिसतो ना बाहेरून, आणि बोल्ट तुटतात ते तिथेच.

भरण निघाल्यावर मीठ काढायचं. हे बहुतेक जण गाळतात. मीठ हवेतली ओल ओढून घेतं, मुंबईत तर वर्षभर. संप गोड्या पाण्याने भरा, रात्रभर ठेवा, सकाळी उपसा, परत भरा. किती वेळा? घरच्या आरओ फिल्टरसाठी लोक जो टीडीएस मीटर घेतात तो इथे चालतो. नळाच्या पाण्याचं रीडिंग घ्या, रात्रभर संपात राहिलेल्या पाण्याचं घ्या. दोन्ही जवळपास सारखी झाली की मीठ निघालं. चार-पाच फेऱ्या धरून चला. मग वाळवण: हीटर नको, ब्लोअर आणि डिह्युमिडिफायर, केबिन बंद ठेवून. तळावर पारदर्शक प्लॅस्टिक चारही बाजूंनी टेपने चिकटवा. दुसऱ्या दिवशी प्लॅस्टिकच्या आतून दव दिसलं नाही तर वाळलं.

परत भरायला इपॉक्सी, त्यात मिल्ड ग्लास फायबर (काचतंतूंचा चुरा) आणि कोलोइडल सिलिका (घट्टपणा आणणारी बारीक पूड). घट्टपणा श्रीखंडासारखा: चमचा उलटा केला तर पडू नये. मायक्रोबलून (पोकळ बारीक गोळ्यांची हलकी पूड) इथे अजिबात नको. ते घासायला सोपं म्हणून पुट्टीत चांगलं, पण नटाखाली दाबलं की चिरडतं. भरायच्या जागेचं आकारमान मोजायला लिटरच्या मापाने पाणी ओतून बघा. समजा १० लिटर आलं, तर सिलिका-फायबर धरून साधारण १२ किलो मिश्रण लागेल. एका दमात ओतलंत तर ते उकळेल, धूर येईल आणि तडकेल. २० मिमीपेक्षा जाड थर नाही, दिवसाला एक थर. मधे थंड होऊ द्या, दुसऱ्या दिवशी भांडी घासायच्या हिरव्या स्क्रबरने आणि पाण्याने वरचा मेणचट थर धुवा, ८० नंबरचा पॉलिश पेपर मारा, मग पुढचा.

वरून चौरस मीटरला ६०० ग्रॅमचं बायॅक्स कापड (दोन दिशांच्या धाग्यांचं शिवलेलं काचकापड), चार थर, काठावर चढवून, प्रत्येक थर आधीच्यापेक्षा ५० मिमी पुढे. नटाखाली ३१६ स्टेनलेसच्या प्लेटा, आणि प्लेटखाली ओल्या घट्ट इपॉक्सीचा गादीसारखा थर, म्हणजे सगळीकडून टेकतील. नट हाताने टेकवून ठेवा, इपॉक्सी पूर्ण कडक झाल्यावर आवळा. टॉर्कचा (किती जोराने आवळायचं त्याचा) आकडा क्लासच्या कागदपत्रातला घ्या, अंदाजाने नाही. आणि भरण बदलण्याआधी क्लासच्या मेजररला (बोट नियमात बसते का ते मोजणाऱ्याला) लेखी विचारा. वजन आणि त्याची जागा बदलते, नंतर वाद नको.

खारफुटी

भरण तुम्ही म्हणालात तसंच आहे, सोनेरी पापुद्रे दिसले. दोन शंका. बल्कहेडसाठी बाजारात मिळणारं मरीन प्लाय चालेल का? आणि पूर्ण बल्कहेड काढावा लागेल की फक्त तळ?

रंधा

फक्त तळ. पूर्ण बल्कहेड काढला तर हलचा आकार धरून ठेवणारं काहीच उरत नाही, आणि वरचा भाग चांगला असताना ते फुकटचं काम आहे. मात्र "चांगला" हे ठोकून ठरवायचं. चेनप्लेटचे (डोलकाठीचे ताणदोर जिथे बांधतात त्या पट्ट्यांचे) बोल्ट ज्या प्लायमधून जातात ते बोल्ट काढून भोकाच्या आत बघा. तिथे काळं असेल तर कहाणी वेगळी, मग वरचा तुकडाही बदलावा लागेल. भोकात कापूस घालून काढा, तपकिरी निघाला तर पाणी वरून उतरतंय.

प्लायबद्दल. दुकानदार काहीही मरीन म्हणून विकतो. शिक्का आयएस ७१० चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) हवा. आयएस ३०३ चा बीडब्ल्यूआर (उकळत्या पाण्याला तोंड देणारा) प्लाय स्वयंपाकघराच्या कपाटाला ठीक, बोटीला नाही. शिक्का असला तरी एक पट्टी कापून चारही कडा बघा: थरांमध्ये पोकळ्या नकोत, आतले थर एकमेकांवर चढलेले नकोत. मग १० सेंमीचा तुकडा चांगले सात-आठ तास उकळा, मधे पाणी घालत, आणि वाळल्यावर नखाने थर सुटतो का बघा. आयएस ७१० ची खरी कसोटी ७२ तास उकळण्याची आहे, घरी तेवढं कोणी करत नाही, पण खोटा माल आठ तासांतच उघडा पडतो.

कापताना काळ्या रेषेच्या वर १५० मिमी, निरोगी लाकडात. सरळ जोड नको, तिरका स्कार्फ हवा, ८ ला १. म्हणजे १२ मिमीच्या प्लायला ९६ मिमी लांब उतार. आतल्या अरुंद जागेत इतका उतार रंध्याने काढणं कठीण वाटलं तर पायऱ्या करा: प्लायचा एकेक थर मल्टिटूलने सोलून प्रत्येकी २०-२५ मिमीची पायरी. नव्या तुकड्याला उलट्या पायऱ्या. त्या बसतात छान, आणि खोली आपोआप सारखी येते. डावी बाजू पूर्ण करून कडक होऊ द्या, मगच उजवी कापा. दोन्ही एकदम कधीच नाही. कापायच्या आधी बल्कहेडला आडवी ५० बाय ५० ची लाकडी पट्टी क्लॅम्प करा आणि डेकखाली एक उभा टेकू द्या.

टेम्प्लेट पुठ्ठ्याच्या पट्ट्यांचं, ग्लू गनने जोडत जोडत, हलच्या वळणाबरोबर. एकसंध पुठ्ठा कापत बसलात तर पाचव्यांदाही बसणार नाही. नवा तुकडा हलला टेकू नये, ५-६ मिमी फट ठेवा आणि त्यात फोमची पट्टी. प्लायची धार थेट हलवर टेकली तर बाहेरून तिथे रेघ उमटते आणि लाटांच्या माराने हल नेमका त्या रेघेवर तडकतो. बिल्जमधून पाणी जायची वाट खालच्या टोकाला ठेवा आणि त्या भोकाच्या आतल्या कडेला इपॉक्सीचे तीन हात द्या. मूळ बोटीत कुजण्याची सुरुवात बहुतेक वेळा याच भोकातून होते: उघडी कड, साठलेलं पाणी, उभ्या तंतूंतून वर चढणारी ओल.

टॅबिंगआधी जुना रंग आणि जेलकोट (फायबरवरचा गुळगुळीत थर) ४० नंबरने पूर्ण खरवडा, १५० मिमी रुंद, कच्चं फायबर दिसेपर्यंत. रंगावर केलेलं टॅबिंग रंगालाच चिकटतं. कोपऱ्यात घट्ट इपॉक्सीची गोल फिलेट (कोपरा भरणारी वळी), ५ रुपयांच्या जाड नाण्याच्या त्रिज्येएवढी, म्हणजे ११-१२ मिमी. त्यावर बायॅक्सच्या पट्ट्या, १००, १५० आणि २०० मिमी. आधी रुंद की आधी अरुंद यावर लोक भांडतात. कडा एकावर एक येणार नाहीत एवढं पाहिलं की पुरे.

एक गोष्ट आवर्जून. साधं चॉप्ड स्ट्रँड मॅट इपॉक्सीबरोबर वापरू नका. त्याचे धागे धरून ठेवणारा बाइंडर पॉलिएस्टरमधल्या स्टायरीनने विरघळतो, इपॉक्सीत स्टायरीन नसतं, म्हणून मॅट ताठ राहतं, कोपऱ्यात वळत नाही आणि पांढरं दिसत राहतं. शिवलेलं बायॅक्स घ्या, मॅट न जोडलेलं.

मापाचा_काटा

तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: सिरिंज नको. बल्साचे तंतू डेकला काटकोनात उभे असतात, त्यामुळे इपॉक्सी भोकाभोवती थोडीशी पसरते आणि थांबते. ओल्या लाकडात तर शिरतच नाही. भोकाभोवती प्लॅस्टिकची खुंटी तयार होते, मधलं कुजकं तसंच राहतं, आणि आता ते वाळायचीही वाट बंद. हे इंजेक्शन चालतं ते एकाच बाबतीत: कोअर पूर्ण कोरडा, फक्त स्किन सुटलेली.

ओहोटींच्या आतून भोकं पाडण्याला हरकत नाही, पण कोअर बदलताना स्किन कापायची ती बाहेरून, असं माझं मत. आतून केलं तर इपॉक्सी तोंडावर गळते, नवा कोअर छताला चिकटवून धरून ठेवावा लागतो, आणि मधे हवा राहिली तरी कळत नाही. बाहेरून नॉनस्किडचं (पाय घसरू नये म्हणून केलेलं) नक्षीकाम बिघडतं हे खरं. म्हणून कापायची रेघ नक्षी आणि गुळगुळीत पट्ट्याच्या सीमेवर घ्या, सांधा सरळ कडेत लपतो. कटरची खोली वरच्या स्किनच्या जाडीइतकीच. स्किन अखंड निघाली तर सांभाळून ठेवा, तीच परत बसेल. पातळ पट्टी सरकवत हळूहळू उचला.

कुजका कोअर काढत जा आणि फिकट, कोरडा बल्सा लागल्यावरही ५० मिमी पुढे जा. खालच्या स्किनला चिकटलेले तुकडे ६० नंबरने साफ. मोकळी जागा दिव्याच्या उबेने वाळवा, पण स्किन हाताला चटका देईल इतकी तापवू नका. फार तापलं की जुनं पॉलिएस्टर मऊ पडायला लागतं आणि डेक आपल्याच वजनाने खाली झुकते.

नवा कोअर बल्सा किंवा पीव्हीसी फोम, क्लासच्या नियमात काय बसतं ते बघून. स्टँशन, विंच, क्लीटखाली कोअर नकोच. तिथे भरीव इपॉक्सी किंवा ग्लास-इपॉक्सीची पट्टी. आधी बल्साच्या दोन्ही बाजूंना नुसती पातळ इपॉक्सी पाजा, पंधरा मिनिटांत बल्सा ती पिऊन टाकतो, परत पाजा, मग लोण्याइतक्या घट्ट मिश्रणावर बसवा. हे पाजणं गाळलं तर लाकूड चिकट थरातली इपॉक्सी ओढून घेतं आणि सांधा कोरडा राहतो. वरून पॉलिथिन, त्यावर वाळूच्या पिशव्या, सारख्या पसरून. फटींतून इपॉक्सी सगळीकडून बाहेर आली पाहिजे.

सांध्याची कड १२ ला १ उतरवा: स्किन ३ मिमी असेल तर दोन्ही बाजूंना ३६ मिमी. एक चौरस मीटर डेकसाठी, दोन थर ६०० ग्रॅम बायॅक्स धरून, कापड १.२ किलो, त्याला भिजवायला साधारण तेवढीच इपॉक्सी, कोअरखाली घट्ट मिश्रण किलोभर, पाजायला अर्धा किलो. वाया जाणारं धरून साडेतीन किलो इपॉक्सी मागवा.

फिटिंगची भोकं: बोल्ट ८ मिमीचा असेल तर भरीव इपॉक्सीतच ८ चं भोक, वरची कड थोडी शंकूसारखी खरवडलेली, त्या खळग्यात ब्यूटिल टेपची वळी. बोल्ट आवळताना बोल्ट फिरवू नका, खालचा नट फिरवा. बोल्ट फिरला की ब्यूटिल गुंडाळली जाऊन फट पडते.

हवामानाचं. मुंबईत सप्टेंबर-ऑक्टोबरला इपॉक्सीचं काम म्हणजे घामाने भिजलेलं काम. स्लो हार्डनरच घ्या. तरीही ३२ अंशांत कपातली इपॉक्सी पटकन तापते, म्हणून एका वेळी २०० ग्रॅम, आणि मिसळली की लगेच पसरट ट्रेमध्ये ओता. जुनी परात चालते, फक्त ती परत स्वयंपाकघरात जाणार नाही. माप वजनावर, एक ग्रॅमपर्यंत दाखवणाऱ्या काट्यावर. अंदाजाने जास्त हार्डनर घातलं म्हणून लवकर कडक होत नाही, मऊ राहतं. सकाळी आठच्या आधी आणि सूर्यास्तानंतर काम नको, फायबर थंड असतं आणि त्यावर न दिसणारं दव बसतं.

कुठे पॉलिएस्टर वापरणार असाल, जेलकोटसाठी वगैरे, तर कोबाल्टचा ॲक्सिलरेटर आणि एमईकेपीचा कॅटालिस्ट कधीही एकमेकांत मिसळू नका. स्फोट होऊ शकतो. ॲक्सिलरेटर आधी रेझिनमध्ये नीट ढवळा, नंतर कॅटालिस्ट. दोन्हींच्या बाटल्या वेगवेगळ्या ठिकाणी ठेवा.

आणि संपात डोकं घालून घासताना रुमाल बांधून चालत नाही. धुळीला पी-१०० फिल्टर, वासाला ऑरगॅनिक व्हेपर कार्ट्रिज, अर्ध्या चेहऱ्याचा रेस्पिरेटर. ब्लोअरचा पाइप तळाशी सोडून हवा बाहेर ओढा. स्टायरीनची वाफ हवेपेक्षा जड, ती तुमच्याबरोबर संपातच बसून राहते. त्वचेला लागलेली इपॉक्सी ॲसिटोनने पुसू नका, ती आणखी आत जाते. साबण आणि कोमट पाणी.

ओहोटी

बाहेरून कापण्याबद्दल काट्यांचं बरोबर, मी फक्त तपासणीपुरतं आतून म्हणत होतो. एक अपवाद: डोलकाठीच्या कॉलरभोवती डेकला वळण आहे. तिथे बाहेरून उघडलं तर स्किनचा आकार परत आणणं जिकिरीचं. तो तेवढा भाग आतूनच.

नोव्हेंबरअखेर मात्र विसरा. संप धुणं आणि वाळवणं यालाच तीन आठवडे, भरणाचे थर आठवडाभर, बल्कहेडच्या दोन बाजू आणखी तीन. शिवाय कोअरच्या कडा वाळायला हवा कोरडी लागते, ती मुंबईत डिसेंबर ते फेब्रुवारीत. जानेवारी धरा. तोवर सगळ्या स्टँशनच्या पायांवर ब्यूटिल आणि वर ॲल्युमिनियम टेप लावून ठेवा.

शिसं_आणि_पोलाद

कील उतरवली नाही तरी सांध्याची भेग बाहेरून आधीच भरू नका. नट आवळले की सांधा थोडा मिटतो, मग V आकारात उघडून इपॉक्सीने भरा. आणि शेवटचा टॉर्क झाला की प्रत्येक नटावर, प्लेटवर आणि बोल्टच्या टोकावर रंगाची एकच सरळ रेघ ओढा. पाण्यात टाकल्यावर दुसऱ्या दिवशी, मग पहिल्या जोरदार वाऱ्यातल्या सेलनंतर, रेघ तुटली का ते टॉर्च घेऊन बघा. तुटली असेल तर फक्त तोच नट नव्हे, सगळे परत तपासायचे.